मशीन थांबवायचे कुणी?

भोसरी, चाकण, वाळूज, सातपूर, शिरोली. वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या जरा मोठ्या वर्कशॉपच्या ऑफिसात गेलात की भिंतीवर आयएटीएफ १६९४९ या वाहनउद्योगाच्या गुणवत्ता मानकाचे प्रमाणपत्र चौकटीत लावलेले दिसते. या मानकातले ५.३.२ हे कलम फार कमी जण लक्ष देऊन वाचतात. मालाच्या गुणवत्तेची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांना उत्पादन थांबवण्याचा आणि माल बाहेर जाण्यापासून रोखण्याचा अधिकार असला पाहिजे, आणि अशी जबाबदारी सोपवलेला माणूस प्रत्येक शिफ्टला हजर असला पाहिजे, असे ते सांगते. कन्सल्टंटने तयार करून दिलेल्या मॅन्युअलमध्ये हे वाक्य इमानेइतबारे उतरवलेले असते. खाली शॉपमध्ये मात्र जॉबचे, म्हणजे मशीनवर चढवलेल्या भागाचे, माप सरकताना दिसले की ऑपरेटर मशीन चालू ठेवून सुपरवायझरला शोधायला निघतो. सुपरवायझर डिस्पॅचच्या गडबडीत असतो. तो साहेबांना फोन लावतो. साहेब बँकेत बसलेले असतात.

लघुउद्योगातले नेतृत्व किती टिकाऊ आहे, याची परीक्षा या अर्ध्या-पाऊण तासात होते. कामगारांच्या सक्षमीकरणाच्या नावाखाली आपल्याकडे बरेच काही चालते. महिन्याचा उत्कृष्ट कामगार, सूचनापेटी, वर्षातून एकदा हॉटेलात व्याख्यान, वाढदिवसाला केक. केकला कुणाचीच हरकत असायचे कारण नाही. पण माणसाच्या हातात अधिकार आला की नाही, हे एकाच गोष्टीवरून ठरते: कोणता निर्णय, कोणत्या आकड्यापर्यंत, कुणालाही न विचारता तो घेऊ शकतो, हे लिहून दिलेले आहे का? असे लिहून द्यायचे ठरवले, तर सर्वात आधी द्यायचा आणि मालकाला द्यायला सर्वात जड जाणारा अधिकार म्हणजे मशीन थांबवण्याचा.

जड का जातो, हे उघड आहे. थांबलेले मशीन डोळ्यांना दिसते. बिघडत चाललेला जॉब दिसत नाही. हिशेब मात्र नेमका उलटा आहे, आणि तो जॉबवर्क, म्हणजे गिऱ्हाइकाच्या मटेरियलवर मजुरीने काम, करणाऱ्यांनी एकदा तरी कागदावर मांडावा. समजा, सीएनसी टर्निंगचा (संगणकाने चालणाऱ्या लेथवरच्या कामाचा) दर तासाला ४०० रुपये आहे आणि एका जॉबला ३ मिनिटे लागतात. म्हणजे तासाला २० जॉब आणि जॉबमागे २० रुपये. त्यातला नफा ३ रुपये धरू. मटेरियल गिऱ्हाइकाचे, फोर्जिंगची (घडवलेल्या कच्च्या तुकड्याची) किंमत १८० रुपये. साहेबांचा निरोप येईपर्यंत ४० मिनिटे मशीन बंद ठेवले, तर १३ जॉब कमी होतील आणि २६० रुपये बुडतील. तीच ४० मिनिटे मशीन चालू राहिले आणि ते १३ जॉब रिजेक्ट झाले, तर मजुरीचे २६० तर मिळणार नाहीतच, शिवाय मटेरियलची २,३४० रुपयांची डेबिट नोट, म्हणजे बिलातून कपात, येईल. एकूण फटका २,६०० रुपयांचा, बरोबर दसपट. एका रिजेक्ट जॉबचे २०० रुपये भरून काढायला ६५ हून जास्त चांगले जॉब काढावे लागतात. जॉबवर्कमध्ये नफा स्वतःच्या मजुरीवर मिळतो, पण नुकसान दुसऱ्याच्या मटेरियलच्या भावाने होते. त्यामुळे ‘मार्जिन इतके बारीक आहे की थांबणे परवडत नाही’ हे वाक्य उलटे वाचायला हवे. मार्जिन बारीक आहे म्हणूनच चालू ठेवणे परवडत नाही.

आता हा अधिकार दिला नाही तर मशीनवर काय घडते ते पाहा. २५ मिलिमीटर व्यासाचा, लहान एच-७ टॉलरन्सचा (मापातल्या मान्य फरकाचा) शाफ्ट घेऊ. त्याचे माप २५.००० ते २४.९७९ च्या दरम्यान हवे, म्हणजे सगळी मिळून जागा २१ मायक्रॉनची. टिप, म्हणजे टूलचे कापणारे टोक, झिजत जाते तसा बाहेरचा व्यास वाढत जातो. वाढलेला व्यास पुन्हा कट घेऊन वाचवता येतो, कमी झालेला व्यास भंगारातच जातो. पण ज्या ऑपरेटरने ‘माप वर का गेले?’ म्हणून चारचौघांत बोलणी खाल्लेली असतात, तो पुढच्या वेळी पाचऐवजी एकदम वीस मायक्रॉनचा ऑफसेट (टूलच्या जागेची दुरुस्ती) देतो आणि जॉब थेट खालच्या टोकाला नेऊन ठेवतो. त्यात जॉब मशीनमधून गरम बाहेर येतो. २५ मिलिमीटरचा पोलादी जॉब खोलीच्या तापमानापेक्षा २० अंश गरम असला, तर तो सुमारे ६ मायक्रॉन मोठा दाखवतो. गरम जॉब मोजला, मोठा वाटला, आणखी ऑफसेट मारला, आणि संध्याकाळी फायनल इन्स्पेक्शनला तोच जॉब अंडरसाइज. मग अहवालात कारण पडते: ऑपरेटरचा निष्काळजीपणा. खरे तर त्याने घाबरून नको तितकी काळजी घेतलेली असते.

म्हणून अधिकार आकड्यांत द्यावा लागतो. ‘गरज वाटल्यास मशीन थांबवा’ ही सूचना निरुपयोगी आहे. गरज कुणाला आणि कधी वाटायची? वरच्याच शाफ्टसाठी मशीनवर लावायचे कार्ड असे होईल: टॉलरन्सच्या मधला अर्धा भाग, म्हणजे २४.९८४ ते २४.९९५, हिरवा. त्याच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या पिवळ्या. २५.००० च्या वर किंवा २४.९७९ च्या खाली लाल. दर दहावा जॉब गार करून मोजायचा. हिरव्यात आला तर पुढे चालू. पिवळ्यात आला तर लगेच पुढचा मोजायचा, आणि दोन्ही एकाच बाजूच्या पिवळ्यात असतील तर ऑपरेटरने स्वतःच ऑफसेट द्यायचा. पण एका वेळी जास्तीत जास्त १० मायक्रॉन, त्याहून जास्त लागत असेल तर टिप बदलायची. सलग दोन जॉब दोन विरुद्ध बाजूंच्या पिवळ्यात आले, तर गोष्ट ऑफसेटची नाही. जॉ (जॉब पकडणारा जबडा), क्लॅम्पिंग किंवा टरेट (टूल धरणारा भाग) ढिला आहे, तेव्हा थांबा आणि सेटरला बोलवा. एक जरी लाल आला तरी थांबा, आणि शेवटच्या चांगल्या तपासणीनंतरचे सगळे जॉब लाल ट्रेमध्ये टाका. टिप बदलल्यावर पहिले दोन मोजल्याशिवाय तिसरा चढवायचा नाही. कार्डाच्या तळाशी दोन ओळी: कुणाला बोलवायचे, आणि त्याने किती मिनिटांत यायचे. दहा मिनिटे पुरेशी आहेत.

हे कार्ड लागले आणि तरीही काहीच बदलले नाही, असे अनेकदा होते. बहुतेक वेळा कारण मोजमापाच्या साधनात सापडते. २१ मायक्रॉनच्या टॉलरन्सला ०.०२ मिलिमीटर लीस्ट काउंटचा (त्याहून बारीक माप न दाखवणारा) व्हर्नियर चालत नाही. एक मायक्रॉन दाखवणारा मायक्रोमीटर किंवा जॉबसाठी केलेला स्नॅप गेज लागतो. आणि तो असतो क्वालिटीच्या कपाटात, कुलपात, कारण ‘पोरं पाडतात’. मोजायचे साधन न देता थांबायचा अधिकार देणे ही थट्टा झाली. काही हजारांचा मायक्रोमीटर पडून बिघडेल या धास्तीने लाखांच्या डेबिट नोटा सोसणारे कारखाने थोडेथोडके नाहीत.

दुसरे कारण सुपरवायझर. याच्याबद्दल कुणी फारसे बोलत नाही, कारण सक्षमीकरणाची भाषणे मालकासाठी असतात आणि शिबिरे कामगारांसाठी. मधल्या माणसाचे काय? पंधरा-वीस वर्षे मशीनवर काढून तो सुपरवायझर झाला. त्याची शॉपमधली किंमत एकाच गोष्टीवर उभी आहे: अडले की सगळे त्याच्याकडे येतात. उद्यापासून ऑपरेटरच ऑफसेट देणार आणि मशीन थांबवणार म्हटल्यावर त्याच्या हातात राहते काय? मग तो उघड विरोध न करता हळूच खोडा घालतो. बोलावले की उशिरा येतो, ‘एवढ्यासाठी थांबवलंस?’ असे सगळ्यांसमोर विचारतो. दोनदा असे झाले की तिसऱ्यांदा कुणी थांबवत नाही. यावर उपदेशाचा उपाय चालत नाही. त्याच्या कामाची व्याख्या बदलावी लागते. आजवर त्याला ‘शिफ्टला किती नग काढले’ हे विचारले जात होते. आता ‘किती वेळा बोलावले, किती मिनिटांत पोचलास आणि तेच कारण पुन्हा आले का’ हे विचारायचे, आणि त्याची पगारवाढ या तिसऱ्या प्रश्नाशी जोडायची. सेटअप बसवणे, नव्यांना शिकवणे, फिक्स्चर सुधारणे ही कामे त्याच्याइतकी दुसऱ्या कुणाला येत नाहीत. आज त्यांच्यासाठी त्याला वेळच मिळत नाही.

तिसरे कारण स्वतः मालक. महिनाअखेर, गिऱ्हाइकाची गाडी गेटवर उभी, आणि ऑपरेटर सांगतो की शेवटच्या ट्रेमध्ये शंका आहे. अशा वेळी ‘आजच्या दिवस जाऊ दे’ म्हटले की कार्ड, रंग, आकडे सगळे संपले. कामगार धोरण वाचत नाहीत, अपवाद पाहतात.

कोल्हापूरच्या फाउंड्रीत तर विचारायलाच वेळ नसतो. शिवाजी उद्यमनगरात, शिरोलीत, गोकुळ शिरगावात एसजी आयर्न (गोल ग्राफाइटचे बीड) ओतणाऱ्या कुणालाही विचारा. लॅडलमध्ये, म्हणजे वितळलेला धातू नेणाऱ्या भांड्यात, मॅग्नेशियमची प्रक्रिया झाली की घड्याळ सुरू होते. साधारण दहा मिनिटांत ओतकाम संपले नाही, तर मॅग्नेशियमचा परिणाम उतरत जातो, ग्राफाइट गोल राहत नाही, आणि कास्टिंग बाहेरून सुरेख दिसूनही ताकदीला कमी भरते. क्रेन अडली, मोल्डिंग लाइन खोळंबली, किंवा धातूचे तापमान उतरले, तर लॅडलवरच्या माणसाने काय करायचे? ३०० किलोचा उरलेला धातू पिगमध्ये (पुन्हा वितळवायच्या लादीच्या साच्यात) ओतला, तर तो पुन्हा वितळवायला टनामागे ६०० युनिटच्या हिशेबाने १८० युनिट लागतील. युनिटला नऊ रुपये धरले तर १,६०० रुपये, वर मॅग्नेशियम मिश्रधातूचे काही शे. साचे वाया गेले तर तेही धरा. तोच धातू मोल्डमध्ये ओतला, तर ६० टक्के यील्डने (ओतलेल्या धातूतला कामाचा वाटा) १८० किलो कास्टिंग होईल. किलोला १०० रुपयांनी त्याची किंमत १८,००० रुपये. तो माल गिऱ्हाइकाकडे मशीनिंग होऊन मग नापास झाला, तर मशीनिंगचा खर्चही फाउंड्रीच्या डोक्यावर. हा निर्णय लॅडलवाल्याने अर्ध्या मिनिटात घ्यायचा असतो. तो घ्यायला त्याला घड्याळ, तापमान मोजायचा लान्स, आणि ‘दहा मिनिटे उलटली तर पिग, कुणी विचारणार नाही’ हा शब्द हवा. पहिली दोन साधने बहुतेक ठिकाणी आहेत. तिसरी गोष्ट क्वचित असते.

यात परदेशी काही नाही, तरी एक उल्लेख करायलाच हवा. दोष दिसताच यंत्र थांबले पाहिजे हे टोयोटाचे तत्त्व मोटारीच्या कारखान्यात जन्मलेले नाही. ते मागावर जन्मले. साकिची टोयोडा यांच्या १९२४ च्या स्वयंचलित मागाचे वैशिष्ट्यच असे होते की धागा तुटला की माग आपोआप थांबे. इचलकरंजीत आणि भिवंडीत आजही अनेक साध्या मागांवर तुटलेला धागा विणकराच्या नजरेनेच पकडावा लागतो, आणि त्याची मजुरी विणलेल्या कापडावर असते. थांबला की त्याचेच पैसे बुडतात.

इथे आपण खऱ्या अडचणीपाशी येतो. नगावर मजुरी असेल, किंवा शिफ्टच्या नगसंख्येवर इन्सेंटिव्ह असेल, तर थांबण्याचा अधिकार म्हणजे स्वतःच्या खिशातून दंड भरण्याचा अधिकार. थांबलेल्या वेळेचे पैसे मागच्या महिन्याच्या सरासरीने द्यायचे, हा नियम कार्डाच्या आधी लागू व्हायला हवा. ‘मग हे लोक दिवसभर थांबूनच बसतील’ ही शंका लगेच येते. तिला वहीने उत्तर देता येते. प्रत्येक थांब्याची नोंद ठेवायची: वेळ, मशीन, कारण, कोण आले, किती मिनिटांत सुटले. महिन्याभरात चित्र स्पष्ट होते. खोटे थांबे फार टिकत नाहीत, कारण कारण लिहावे लागते आणि माप पुन्हा तपासले जाते. खोट्या थांब्यांपेक्षा ही वही बहुधा दुसरेच काहीतरी दाखवते. दहा थांब्यांपैकी सहा-सात एकाच जुन्या दुखण्याचे निघतात: तोच ढिला जॉ, तीच कूलंटची चोंदलेली नळी, तोच सप्लायरचा वाकडा बार. ही दुखणी ऑपरेटरला आधीपासून ठाऊक असतात. त्याला कुणी विचारलेले नसते.

रिजेक्शनचे पैसे पगारातून कापायची प्रथा तर सरळ बेकायदा होण्याच्या काठावर आहे. वेतन प्रदान अधिनियम, १९३६ नेच दंडाची मर्यादा वेतनाच्या ३ टक्क्यांवर बांधली होती, आणि नुकसानीपोटी कपात करायची तर कामगाराचे म्हणणे आधी ऐकून घेणे सक्तीचे केले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही हीच चौकट आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहार काय सांगतो? कपात सुरू झाल्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून रिजेक्शन कागदावर कमी होते. खराब जॉब चिप्सच्या ट्रॉलीत खाली दडपले जातात किंवा चांगल्यांत मिसळून पुढे जातात. आधी शॉपमध्येच सापडणारा दोष आता गिऱ्हाइकाच्या असेंब्ली लाइनवर सापडतो, आणि तिथे तो कितीतरी महाग पडतो.

मग येते एट-डी रिपोर्टची, म्हणजे दोषाचे कारण आणि उपाय आठ पायऱ्यांत मांडणाऱ्या अहवालाची, वेळ. गिऱ्हाइकाला पाठवायच्या या अहवालात मूळ कारणाच्या रकान्यात काय लिहिले आहे, यावरून त्या कारखान्याचे नेतृत्व ओळखावे. ‘ऑपरेटरचे दुर्लक्ष. उपाय: ऑपरेटरला पुन्हा प्रशिक्षण दिले.’ हे उत्तर लिहायला सोपे आणि गिऱ्हाइकाचा इंजिनिअरही ते मुकाट्याने स्वीकारतो. ज्याच्याबद्दल लिहिले त्याला ते वाचायलाही मिळत नाही. एट-डीच्या बैठकीला त्या मशीनचा ऑपरेटर बसलाच पाहिजे आणि त्याची सही असल्याशिवाय अहवाल जाता कामा नये, एवढा एक नियम केला तरी ‘दुर्लक्ष’ हा शब्द निम्म्या अहवालांतून गळून पडेल.

प्रेसशॉपमध्ये हा प्रश्न मालाचा राहत नाही, बोटांचा होतो. सेफ इन इंडिया ही संस्था वाहनउद्योगाच्या पुरवठा साखळीतल्या अपघातांचे अहवाल २०१९ पासून काढते आहे. त्यांत पुन्हापुन्हा येणारे नाव पॉवर प्रेसचे. दोन्ही हातांनी बटणे दाबल्याशिवाय स्ट्रोक पडू नये ही सोय असते, पण एक बटण चिकटपट्टीने किंवा पाचरीने दाबून ठेवलेले आढळते. हात आत गेला की प्रेस थांबवणारा लाइट कर्टन सेन्सर ‘सारखा ट्रिप होतो’ म्हणून बायपास केलेला असतो. हे बहुतेक वेळा कामगार आपल्या मनाने करत नाही. तासाला इतके स्ट्रोक पाहिजेत, हे टार्गेट करायला लावते. बटण बांधले तर स्ट्रोकच पडणार नाही असा रिले बसवणे हा तांत्रिक उपाय झाला, आणि तो करायलाच हवा. पण सेन्सर बंद असेल तर मशीनला हात लावणार नाही, असे म्हणणाऱ्या कंत्राटी पोराला दुसऱ्या दिवशी गेटवरून परत पाठवले जाणार असेल, तर रिलेही एक दिवस बायपास होईल.

कंत्राटी म्हटले की दुसरी बाजू उघडते. चाकण, रांजणगावच्या अनेक शॉपमध्ये मशीनवर उभे असलेले निम्म्याहून जास्त हात बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, झारखंडचे किंवा मराठवाडा-विदर्भातून आलेले, आणि ठेकेदाराच्या मस्टरवरचे असतात. कार्ड इंग्रजीत, बोर्ड मराठीत, माणूस भोजपुरी बोलणारा. कार्डावर वाक्यांऐवजी रंग, आकडे आणि फोटो असावेत, ही सोय झाली. धोरणाचा भाग वेगळा आहे: थांबवण्याचा अधिकार कायम कामगारांना द्यायचा आणि ठेकेदाराच्या माणसाला नाही, असे केले तर तो अधिकार कारखान्यात नाहीच असे समजावे, कारण जास्त धोक्याची आणि जास्त नगांची मशीन याच माणसांकडे असतात. औद्योगिक संबंध संहितेने २० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांत तक्रार निवारण समिती बंधनकारक केली आहे, दोन्ही बाजूंचे समान प्रतिनिधी घेऊन. छोट्या कारखान्यांनी हा कागदोपत्री सोपस्कार न मानता थांब्यांची वही महिन्यातून एकदा याच समितीपुढे ठेवावी.

पैशांच्या अधिकाराबद्दल थोडक्यात. रात्री अकराला सहाशे रुपयांचा प्रॉक्सिमिटी सेन्सर गेला आणि सकाळी आठला साहेब येईपर्यंत मशीन उभे राहिले, तर नऊ तासांचे ३,६०० रुपये गेले. शिफ्ट इन्चार्जला एका प्रसंगी २,००० रुपयांपर्यंत खर्चाची मोकळीक, ठरावीक पाच-सहा सुट्या भागांचा साठा आणि त्याची किल्ली त्याच्याकडे, एवढे पुरते. हिशेब दुसऱ्या दिवशी बिलासह. पैसे खाल्ले जातील ही भीती असेल तर महिन्याची कमाल मर्यादा घाला. दर खरेदीला मालकाच्या सहीची वाट पाहणारा कारखाना काटकसरी नसतो, खोळंबलेला असतो.

आणि सेटअप शीट. जॉचा नंबर, चकचे प्रेशर किती बार, प्रत्येक टूल होल्डरच्या किती मिलिमीटर बाहेर, टिपचा ग्रेड आणि किती नगांनंतर बदलायची, कूलंट ६ ते ८ टक्के. ही माहिती सेटरच्या डोक्यात असते, आणि पलीकडच्या कंपनीने दोन हजार जास्त दिले की ती त्याच्यासोबत जाते. पुष्कळ मालक म्हणतात, शिकवले की माणसे सोडून जातात. जातातच. पण सेटरही आपली माहिती राखून ठेवतो, कारण तीच त्याची नोकरी टिकवते. शीट लिहून घेणे ही त्याच्याकडून काढून घ्यायची गोष्ट समजली, तर तो अर्धवटच लिहील. शीटवर त्याचे नाव टाका, तिच्यात बदल करायचा अधिकार त्यालाच द्या, आणि तिच्यामुळे सेटिंगचा वेळ कमी झाला तर त्यातला ठरावीक वाटा त्याला द्या.

पर्यावरणाचा मुद्दाही याच वाटेने येतो, सौर पॅनेलच्या आधी. हवेच्या लाइनला ७ बार प्रेशरवर ३ मिलिमीटरचे एक भोक असले तर ते साडेतीन किलोवॅटच्या आसपास वीज खाते. दिवसाला २० तास आणि वर्षाला ३०० दिवस चालणाऱ्या शॉपमध्ये ते २१,००० युनिट होतात, नऊ रुपयांनी १ लाख ८९ हजार. गळती किती ते कळायला सुट्टीच्या दिवशी सगळी मशीन बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालवायचा आणि तो किती वेळ लोड, किती वेळ अनलोड राहतो ते घड्याळावर मोजायचे. लोडच्या वेळेला दोन्हींच्या बेरजेने भागले की गळतीचे प्रमाण निघते. पण कुठून गळते, हे जेवणाच्या सुट्टीत मशीन शांत असताना तिथेच डबा खाणाऱ्याला रोज ऐकू येते. त्याच्या हातात लाल टॅग आणि मेंटेनन्सवाल्याला आठ दिवसांची मुदत द्या. ऊर्जा ऑडिटरचा अहवालही शेवटी त्याच सांध्यांवर बोट ठेवतो.

कामगारांच्या हाती सगळेच देऊन टाकावे, असा या मांडणीचा अर्थ नाही. कुर्ल्याची कमानी ट्यूब्स ही कंपनी १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर कामगारांच्या सहकारी संस्थेकडे आली. बंद पडलेला कारखाना कामगारांनी उभा केला, काही काळ चालवलाही, पण पुढे तो पुन्हा आजारी पडला. मालकी, खेळते भांडवल, बाजारपेठ हे प्रश्न वेगळे आहेत आणि ते मशीनवरच्या कार्डाने सुटत नाहीत. इथे मागणी त्याहून बरीच लहान आहे. म्हणूनच ती अमलात न आणायला सबबही कमी आहेत.

सबब उरते ती वरच्या साखळीची, आणि ती खोटी नाही. दर वर्षी किंमत कमी करून मागणारा, लाइन थांबल्याची डेबिट नोट पाठवणारा, आणि बिल ९० दिवसांनी देणारा गिऱ्हाईक असेल, तर छोट्या कारखानदाराचे सगळे धैर्य रोख रकमेच्या चणचणीत संपते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने पैसे देण्याची कमाल मुदत ४५ दिवस ठेवली आहे आणि उशिरावर बँक दराच्या तिप्पट व्याज सांगितले आहे. सूक्ष्म व लघु उद्योगांचे थकवलेले बिल ज्या वर्षी प्रत्यक्ष चुकते होईल त्याच वर्षी खर्च म्हणून धरले जाईल, अशी तरतूद २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरातही आणली. तरीही व्याज मागणारा पुरवठादार विरळा, कारण पुढची ऑर्डर त्याच दारातून यायची असते. मोठ्या कंपनीच्या वर्तनात इथे जो दोष आहे, तो छोट्या शॉपमधल्या दोषाचेच मोठे रूप आहे: वरच्याला थांबवायची खालच्याला सोय नाही.

सरकारकडे योजना आहेत. झेड (शून्य दोष, शून्य पर्यावरणहानी) प्रमाणपत्राच्या खर्चात सूक्ष्म उद्योगांना ८०, लघुंना ६० आणि मध्यमांना ५० टक्के सवलत आहे. लीन (कामातला अपव्यय कमी करण्याच्या) योजनेत सल्लागाराचा बहुतेक खर्च केंद्र उचलते. पण ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड या पायऱ्या चढताना कागदपत्रे आणि फोटोच जास्त मोजले जातात. तिथे एकच अट वाढवावी, आणि मोठ्या गिऱ्हाइकांनीही आपल्या सप्लायर ऑडिटमध्ये ती घालावी: मागच्या तीन महिन्यांची थांब्यांची वही दाखवा. वहीत कामगारांनी थांबवल्याच्या नोंदी, प्रतिसादाची मिनिटे आणि थांबलेल्या वेळेचे दिलेले वेतन दिसले पाहिजे. वही कोरी निघाली, तर त्या शॉपला पूर्ण गुण देण्याऐवजी ऑडिटरने खाली उतरून रात्रपाळीच्या एखाद्या ऑपरेटरला विचारावे की मशीन त्याने स्वतःहून शेवटचे कधी थांबवले होते, आणि त्यानंतर त्याला कोण काय बोलले.